गाव धरणाच्या वर, पाण्याच्या खाली

पळसदेवचं जुनं देऊळ उजनी धरणाच्या वर आहे आणि पाण्याच्या खाली आहे. उन्हाळ्यात जलाशय उतरला की त्याचं शिखर दिसू लागतं, फारच उतरला तर माणसं पायी जाऊन दर्शन घेऊन येतात. पण धरण भरलेलं असताना हे वाक्य अक्षरश: खरं असतं. इंग्रजीत ते असं होईल : ‘द टेम्पल इज अबव्ह द डॅम अँड अंडर द वॉटर.’ इथे अबव्ह म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला आणि अंडर म्हणजे पाण्याने झाकलेलं. इंग्रजाला यात कोडं दिसत नाही. भीमाकाठच्या शेतकऱ्यालाही दिसत नाही. गोंधळ उडतो तो सहावीच्या वर्गात, कारण तिथे अबव्ह म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, आणि एकच वस्तू एकाच वेळी वर आणि खाली कशी असेल?

मी इंग्रजीचा शिक्षक नाही. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपविभागीय अभियंता म्हणून निवृत्त झालो. शाळा मराठी, नोकरी सोलापूर जिल्ह्यात, कागदपत्रं निम्मी इंग्रजीत. त्यामुळे इंग्रजीतलं वर-खाली मी पुस्तकात कमी आणि बांधावर जास्त शिकलो. त्यावर आज लिहायला बसलो त्याला कारण शेजारच्या मुलीचा चाचणी परीक्षेचा पेपर. टेबलाच्या वर छताला पंखा फिरतोय असं चित्र आणि खाली रिकामी जागा. तिने ‘अबव्ह’ लिहिलं होतं. ते लाल शाईने खोडून ‘ओव्हर’ केलेलं, आणि अर्धा गुण गेलेला. आमच्या कॉलनीत निवृत्त साहेब म्हणजे इंग्रजी येणारा माणूस, असा एक समज आहे. तिची आई पेपर घेऊन आली. ‘काका, हिचं चुकलं काय ते तरी सांगा.’

चुकलं काहीच नव्हतं. डोक्यावर टांगलेल्या, खाली न टेकलेल्या वस्तूला इंग्रज माणूस ओव्हर म्हणतो आणि अबव्हही म्हणतो. माझी तक्रार अर्ध्या गुणाची नाही. जिथे दोन्ही शब्द चालतात नेमकी तीच जागा शोधून मुलांना ‘एकच बरोबर सांगा’ म्हणायचं, आणि जिथे एकाऐवजी दुसरा घातला की अर्थ पार उलटापालटा होतो ती जागा शिकवायचीच नाही, ही आपल्या इंग्रजी शिकवण्याची रीत झाली आहे. तक्रार आहे ती या रीतीबद्दल.

दोष पेपर तपासणाऱ्या बाईंनाही देत नाही. त्यांच्या हातात जे गाईड आहे ते मी मागवून पाहिलं. त्यात तक्ता आहे. ऑन म्हणजे वर, ओव्हर म्हणजे वर, अबव्ह म्हणजे वर. अंडर, बिलो, बिनीथ, तिन्ही म्हणजे खाली. आणि तळाला एक टीप : चिकटलेलं असेल तर ऑन, थोडं अंतर असेल तर ओव्हर, जास्त अंतर असेल तर अबव्ह. म्हणजे मुलांनी आता टेप घेऊन पंखा मोजायचा! चिकटण्याचं ऑनपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. छताला उलटी चिकटलेली पाल छताच्या खाली असते, तरी इंग्रजीत ती ‘ऑन द सीलिंग’ असते. ऑनला उंचीशी देणंघेणं नाही, टेकण्याशी आहे. पण ओव्हर आणि अबव्हमधला फरक अंतराचा नाही. दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, त्यावरून हा शब्द ठरतो.

अबव्ह आणि बिलो हे लेव्हलचे शब्द आहेत. ज्याने डंपी लेव्हल लावली आहे त्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. यंत्र तिपाईवर बसवायचं, बुडबुडा मध्यावर आणायचा, खलाशी दूर स्टाफ धरून उभा, दुर्बिणीतली आडवी तार स्टाफच्या कुठल्या आकड्यावर येते ते वाचायचं, बेंचमार्कवरच्या वाचनाशी वजाबाकी करायची आणि वहीत आर. एल., म्हणजे त्या बिंदूची पातळी, लिहायची. एक बिंदू माळावर असतो, दुसरा ओढ्याच्या काठी, मध्ये बाभळीचं रान. ते एकमेकांच्या डोक्यावर नसतात. पण हवेत एक आडवी रेघ मारली की कोण त्या रेघेच्या वर आणि कोण खाली हे ठरतं. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, हे ‘अबव्ह सी लेव्हल’. शिखराखाली समुद्र आहे असं कोणी म्हणत नाही. समुद्र तर घाट उतरून कितीतरी पुढे आहे. फक्त त्याची पातळी मनातल्या मनात डोंगरापर्यंत ओढत आणलेली आहे.

आता बघा, मराठी इथे ‘वर’ म्हणायला जातच नाही. आपण ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो, ‘सरासरीपेक्षा’ म्हणतो. हवामान खातं मोसमी पावसाचे जे वर्ग पाडतं त्यात ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण, १०५ ते ११० म्हणजे ‘अबव्ह नॉर्मल’ आणि ९० ते ९५ म्हणजे ‘बिलो नॉर्मल’. तिथे ओव्हर-अंडर कधी येत नाहीत. मराठी बातमीत ते ‘सरासरीपेक्षा जास्त’ आणि ‘सरासरीपेक्षा कमी’ होऊन येतं. पासून आणि पेक्षा ही अबव्हची खरी मराठी. मुलांना ती सांगायची सोडून आपण त्यांच्या हातात एक ‘वर’ ठेवतो आणि पुढे वर्षानुवर्षं ओरडत बसतो.

आमच्या जिल्ह्यात तर हे शिकवायला उजनी उभी आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या रेषेपासून. म्हणून हे धरण चांगल्या पावसात एकशे अकरा टक्के भरतं आणि उन्हाळ्यात उणे होतं. बाहेरगावच्या पाहुण्याला ‘उजनी उणे पंचवीस’ म्हणजे काय ते समजावता समजावता चहा गार होतो. सोलापूरच्या चहाच्या टपरीवर मात्र ते कोणाला सांगावं लागत नाही. शून्य ही तिथे रिकामं असण्याची खूण नाही, एक रेषा आहे, आणि पाणी तिच्या वर किंवा खाली असतं. अबव्ह आणि बिलो. जायकवाडीचं तसंच. तिथे पातळी फुटात सांगतात आणि १५२२ फूट म्हटलं की मराठवाड्यात कोणीही मान डोलावतो. ज्या मुलाच्या घरी रोज सकाळी ‘पाणी कितीवर आलं?’ असं विचारतात त्याला अबव्ह शिकवायला टेबल आणि पंखा कशाला हवा?

ओव्हरची गोष्ट निराळी. ओव्हर पातळी सांगत नाही. ओलांडणं सांगतो, पसरणं सांगतो, झाकणं सांगतो, आणि कोणाचा कोणावर अंमल आहे तेही सांगतो. सांड­व्यावरून पाणी चाललंय तर ते ‘ओव्हर द स्पिलवे’. ते पाणी सांडव्याच्या काँक्रीटला घासत जातं, तसूभरही अंतर नसतं, तरी ओव्हर. पोराच्या अंगावर गोधडी घातली तर ओव्हर. गाईडातल्या टिपेचा इथेच निकाल लागतो.

धरणावर काम करणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा शब्द म्हणजे ओव्हरटॉपिंग. पाणी पूर्ण संचय पातळीच्या वर जाणं, हे ‘अबव्ह’. त्याची नोंद होते, फोन होतात, दरवाजे आणखी उचलले जातात. पाणी धरणावरून जाणं, हे ‘ओव्हर’. दगडी किंवा काँक्रीटचं धरण ते एकवेळ सोसेल. मातीचं सोसत नाही. वरून पडणारं पाणी खालच्या उताराची माती खात जातं आणि बघता बघता भगदाड पडतं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमध्ये मच्छू नदीवरचं दुसरं धरण असंच गेलं. पूर सांडव्याला झेपेना, पाणी मातीच्या भरावावरून गेलं आणि खाली मोरवी शहर वाहून गेलं. आमच्या पिढीच्या अभियंत्यांना पानशेत आणि मोरवी ही दोन नावं वेगळी सांगावी लागत नसत. अहवालात ‘अबव्ह’ लिहिलंय की ‘ओव्हर’ यावर तिथे किती काय अवलंबून असतं ते सहावीच्या मुलांना सांगून बघा. व्याकरणाच्या तासाला कोणी जांभई देणार नाही.

आणि या ओव्हरला मराठीत चोख शब्द आहे : वरून. ‘भिंतीवर उडी मारली’ आणि ‘भिंतीवरून उडी मारली’ यातला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो. पहिल्यात पोरगं भिंतीवर आहे, दुसऱ्यात पलीकडे गेलं. ओव्हर शिकायला लागणारी निम्मी शिदोरी मूल घरून घेऊन येतं, आणि आपण ती शाळेच्या दारात काढून ठेवायला लावतो, कारण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही.

कालव्यावर हे सगळं मांडून ठेवलेलं असतं. कालवा चालला आहे आणि वाटेत ओढा आला. कालवा उंचावर असेल तर तो ओढ्यावरून नेतात, तो जलसेतू. ओढा उंचावर असेल तर ओढाच कालव्यावरून काढतात, त्याला आम्ही सुपर पॅसेज म्हणायचो. दोन्ही जवळपास एकाच पातळीला आले तर एकाला दुसऱ्याच्या खालून वाकवून न्यायचा, तो सायफन. वरून आणि खालून. ओव्हर आणि अंडर. रेल्वेचंही तसंच. रुळांवरून रस्ता गेला तर आर. ओ. बी., रुळांखालून गेला तर आर. यू. बी. पावसाळ्यात पाणी साचून बंद पडणाऱ्या त्या आर. यू. बी.बद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. पण अबव्हब्रिज नावाचा पूल जगात कुठे नाही, कारण पुलाचं काम पातळी दाखवायचं नाही, पार करायचं आहे.

शंका असेल तर क्रिकेटचे नियम काढून पाहा. एमसीसीच्या नियमावलीत टप्पा न पडता फलंदाजाच्या कमरेच्या वर आलेला चेंडू नो बॉल ठरतो. तिथे शब्द आहेत ‘अबव्ह वेस्ट हाइट’. टप्पा पडून डोक्यावरून गेलेला चेंडूही नो बॉल. तिथे आहे ‘ओव्हर हेड हाइट’. कंबर ही अंगावरची एक रेषा, चेंडू तिच्या वर की खाली एवढंच बघायचं. डोक्यावरून मात्र चेंडू माणसाला ओलांडून जातो. आणि आपले समालोचक कोणाला न विचारता एकाला ‘कमरेच्या वर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘डोक्यावरून’.

अंडरकडे येतो. इथे मराठी आणि इंग्रजीचं इतकं जुळतं की नवल वाटावं. ओलिताखाली आलेली जमीन, लागवडीखालचं क्षेत्र, अमक्यांच्या अध्यक्षतेखाली, तमक्यांच्या देखरेखीखाली, दबावाखाली, विकासाच्या नावाखाली, अमुक कलमाखाली गुन्हा दाखल. यातलं एकही बिलो नाही, सगळे अंडर. काही प्रयोग इंग्रजी कारभारातून आपल्याकडे उतरले असतील, पण ते असे रुळले की आता परके वाटत नाहीत. खाली म्हणजे इथे झाकलेलं, दबलेलं, ताब्यातलं. साहेबाच्या हाताखाली दहा माणसं असतात म्हणजे साहेब माळ्यावर बसतो असं नाही. बिलो हवं तेव्हा मराठी समोर रेषा आणून ठेवते : दारिद्र्यरेषेखाली, शून्याखाली. रेषा किंवा पातळी दिसली की बिलो, ओझं किंवा पांघरूण दिसलं की अंडर, एवढं सांगितलं तरी मुलं पुष्कळ मजल मारतील.

केरळात कुट्टनाड आहे. तिथली भातशेती समुद्राच्या पातळीपेक्षा खाली होते. बांध घालून, पाणी उपसून काढलेली ती शेतं ‘बिलो सी लेव्हल’ असतात, आणि त्यांवर लख्ख ऊन पडतं. उलट कोलकात्याची मेट्रो २०२४ पासून हुगळीच्या खालून धावते. ती ‘अंडर द रिव्हर’. गाडीच्या छपरावर बोगदा, बोगद्यावर गाळ, गाळावर नदी. कुट्टनाडला ‘अंडर द सी’ म्हटलं तर तिथला शेतकरी बुडालाच म्हणायचा.

जोड्याही सरळ बसत नाहीत. कायद्याच्या अधीन असणं म्हणजे ‘अंडर द लॉ’. त्याच्या उलट ‘ओव्हर द लॉ’ व्हायला हवं होतं. तसं कोणी म्हणत नाही. ‘अबव्ह द लॉ’ म्हणतात. का? मला वाटतं, कायदा ज्याच्यावर चालतो तो त्याच्या छपराखाली असतो, पण स्वत:ला कायद्याच्या वरचा समजणारा कायद्यावर राज्य करत नसतो, कायद्याचा हात पोहोचेल त्या उंचीच्या पलीकडे जाऊन बसलेला असतो. हा माझा अर्थ आहे, व्याकरणाच्या पुस्तकातला नाही. आणि आकड्यांच्या बाबतीत इंग्रजी आणखी लहरी. तापमान बहुतेकदा अबव्ह, वय आणि वेग ओव्हर किंवा अंडर. अठरा वर्षांखालच्यांचं क्रिकेट बिलो-एटीन होत नाही. थर्मामीटरचा पारा उभा चढतो आणि गाडीचा काटा गोल फिरतो, म्हणून असेल, असं मी एकदा एका तरुण सहकाऱ्याला सांगितलं होतं. त्याने ते खरं मानलं. आता त्याच्यापर्यंत हा लेख पोहोचला तर बरं, कारण तापमानालाही ओव्हर लावणारे इंग्रज आहेत.

हा एकटा ओव्हर किती गुंतागुंतीचा आहे याची कल्पना विद्वानांनाही उशिरा आली. क्लॉडिया ब्रुगमन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात फक्त या एका शब्दावर प्रबंध लिहिला, आणि जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलं. ज्या शब्दाला प्रबंध लागला तो आपण चित्रातल्या पंख्यावर उरकतो. आणखी एक गंमत : ओव्हर आणि आपलं वर हे लांबचे भाऊबंद आहेत. संस्कृत ‘उपरि’पासून प्राकृतातून घासत घासत वर आलं, त्याच मूळ घराण्यातून इंग्रजीचा ओव्हर आला, ग्रीकांचा हायपर आणि लॅटिनचा सुपरही. भाऊबंद आहेत म्हणून त्यांचे व्यवहार सारखे असतील असं मात्र नाही, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

आता बिलोच्या त्या दुसऱ्या अर्थाबद्दल, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो शाळेत कधीच येत नाही. नदीच्या संदर्भात अबव्ह म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, बिलो म्हणजे खालच्या अंगाला. लंडनमध्ये थेम्स नदीवर शतकानुशतकं मोठी गलबतं लंडन ब्रिजच्या ‘बिलो’ नांगर टाकायची, कारण पुलाच्या कमानींच्या ‘अंडर’ त्यांच्या डोलकाठ्या जात नसत. त्या बंदराच्या पट्ट्याला पूल ऑफ लंडन म्हणतात. पुलाच्या खाली गलबत आहे, या एका मराठी वाक्यात ते गलबत कमानीत अडकलंय की पुढे धक्क्याला लागलंय हे कळायला मार्ग नाही. बोलीत मात्र आहे. आमचे पाटकरी कधी नुसतं ‘पुलाखाली’ म्हणायचे नाहीत. ‘पुलाच्या खालच्या अंगाला, साहेब, गळती तिथं हाय.’ मी पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांना त्याचं इंग्रजी करून सांगायचो, आणि तेव्हा ‘बिलो’ म्हणायचं, ‘अंडर’ म्हणायचं नाही, हे पाटकऱ्याच्या मराठीनेच मला शिकवलं. खात्याने पुढे प्रकल्पांना ऊर्ध्व आणि निम्न अशी भारदस्त नावं दिली, ऊर्ध्व वर्धा, निम्न दुधना. बोलणारा माणूस वरच्या-खालच्या अंगालाच राहिला.

इंग्लंडच्या खेड्यांतही ही गंमत आहे. हॅम्पशायर परगण्यात एका ओढ्यावर ओव्हर वॉलप आणि नेदर वॉलप अशी गावं आहेत; ओव्हर ते प्रवाहात वरचं. म्हणजे जुन्या इंग्रजीने इथे ओव्हरला चक्क अबव्हच्या कामाला लावलं होतं. ग्लॉस्टरशायरमध्ये वॉटन-अंडर-एज नावाचं गाव डोंगराच्या कड्याच्या पायथ्याशी आहे. कड्याने झाकलेलं नाही, पण कड्याच्या छायेत आहे, म्हणून अंडर. नियम सांगताना असे अपवादही मुलांसमोर ठेवावेत. मुलं त्याने बिघडत नाहीत.

फरक न कळल्याने काय होतं? पेपरात अर्धा गुण जातो, ते सोडा. पावसाळ्यात वीर आणि उजनीतून विसर्ग वाढला की पंढरपूरपर्यंतच्या नदीकाठाला इशारे जातात. मराठीत ‘धरणाखालील गावे’ म्हटलं तर सगळ्यांना कळतं. तोच मजकूर इंग्रजीत करताना ‘व्हिलेजेस अंडर द डॅम’ केलेला मी सरकारी कागदावर वाचलेला आहे. इंग्रजीत याचा अर्थ धरणाच्या भिंतीखाली गाडली गेलेली गावं. आणि धरणाच्या ‘अंडर’ खरोखर काही असतं ते म्हणजे पाया आणि त्यातून होणारी गळती. बाहेरच्या तज्ज्ञाने असा कागद वाचला तर तो गावं हलवायची सोडून पाया तपासायला धावेल. हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण आमच्या कामात नेहमीच तसं नसतं.

मात्र आपलं इंग्रजी म्हणजे सगळंच चुकीचं असंही मी मानत नाही. आमच्या कार्यालयातले हेडक्लार्क पत्रात तपशील देण्याआधी ‘अ‍ॅज अंडर’ लिहायचे. इंग्लंडात आज ‘अ‍ॅज फॉलोज’ लिहितील. एका नव्या अधिकाऱ्याने ते खोडायला सुरुवात केली तेव्हा हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, ‘साहेब, कोर्टाच्या निकालातसुद्धा असंच असतं.’ बरोबर होतं त्यांचं. ‘अ‍ॅज अंडर’ ही भारतीय कचेऱ्यांची भाषा आहे, तिने आजवर कोणाचा गोंधळ झाला नाही. ती राहू द्यावी. ज्या फरकाने गाव बुडतं की वाचतं ते बदलतं, तिथे कडक व्हावं, आणि जिथे फक्त कॉलर ताठ होते तिथे सोडून द्यावं. बिनीथचं असंच. पायाखालून वर ढकलणाऱ्या पाण्याच्या दाबाबद्दल लिहिताना आमच्या पुस्तकांत तो यायचा, आणि इंग्रजीत तो मानापमानासाठीही वापरतात : अमुक काम माझ्या ‘बिनीथ’ आहे, म्हणजे माझ्या इभ्रतीला शोभत नाही. सहावीला तो शिकवला नाही तरी काही अडत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी पाचवीपासून होतं. चार वर्षं आधी सुरुवात झाली, पण शिकवणं त्याच तक्त्यावर अडकलं. वर त्यात नवं खूळ आलं, की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं, मराठी शब्द उच्चारायचा नाही. मला हे मान्य नाही. वरून, पासून, पेक्षा, खालून, खालच्या अंगाला, ही सगळी हत्यारं मुलाच्या जिभेवर तयार आहेत. त्यांच्या आधारे इंग्रजीतला फरक दहा मिनिटांत दाखवता येतो. मराठीला वर्गाबाहेर काढलं की मागे उरतं ते चित्रातलं टेबल, आणि पाठ केलेली टीप. जुन्या तर्खडकरी भाषांतर पाठमालांना आज हसतात, पण त्यांना एक गोष्ट कळलेली होती : दोन भाषा शेजारी ठेवल्या की दोन्हींचे कंगोरे दिसतात.

पाठ्यपुस्तक मंडळाकडून माझी मोठी अपेक्षा नाही. तक्ता काढून टाकावा आणि त्या पानावर एका नदीचं चित्र छापावं : धरण, वरच्या अंगाला बुडालेलं देऊळ, सांडवा, खाली पूल, पुलाच्या खालच्या अंगाला नाव, बाजूने कालवा आणि ओढ्यावरून गेलेला जलसेतू. मुलांनी सहा वाक्यं लिहावीत. ज्यात दोन शब्द चालतात तिथे दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत आणि तसं उत्तरसूचीत छापावं, म्हणजे शिक्षकांच्या जिवालाही घोर नाही.

आणि ज्या शाळा लाभक्षेत्रात आहेत त्यांनी चित्राचीही वाट पाहू नये. रब्बीचं आवर्तन चालू असताना मुलांना जवळच्या जलसेतूवर न्यावं, पाण्याला कठडा आहे तिथेच उभं करावं, आणि वरून काय जातंय, खालून काय जातंय ते आधी मराठीत सांगायला लावावं. परवानगी शाखा अभियंत्याकडे मागावी लागते. अर्ज मराठीत केला तरी चालतो.